नगरपालिकेची आगोट

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की कोकणातल्या कुठल्याही छोट्या शहरातून एक बातमी हमखास येते. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात आढावा बैठक झाली, मान्सूनपूर्व कामं तातडीनं पूर्ण करण्याचे निर्देश देण्यात आले, हयगय खपवून घेतली जाणार नाही. सोबत नाल्यात पंजा बुडवलेल्या जेसीबीचा फोटो. शहराचं नाव झाकलं तर बातमी खेडची की मालवणची, मुरुडची की सावंतवाडीची हे सांगता येणार नाही. साल झाकलं तर तेही नाही.

२०२५ साली या बातमीची फजिती झाली. मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचला. मुंबईत तो एरवी ११ जूनच्या आसपास पोचतो. ज्या नाल्यांचा गाळ उपसून काठावरच ढीग घातला होता, तिथं तो पहिल्या मोठ्या सरीत पुन्हा नाल्यात जाणार हे सांगायला अभियंता लागत नाही. मग सगळीकडून एकच खुलासा सुरू झाला : पाऊस लवकर आला.

लवकर आला हे खरंच. घरांचीही तारांबळ उडाली. वाळत घातलेली आमसुलं भिजली, झाडावरचा शेवटचा आंबा हातचा गेला. पण घरांची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, निम्म्याहून जास्त उरकलेली होती, कारण ती शिमगा उलटला की सुरू होते. लाकूडफाटा रचून ठेवायचा, कौलं परतायची, पडवीला झापं बांधायची, सुकी मासळी डब्यात भरायची, मिठाची गोणी कोरड्यात हलवायची. बंदरावर १ जूनपासून मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे होड्या वर ओढायच्या आणि शाकारायच्या. यासाठी कुणी बैठक घेत नाही. पाऊस ठरल्या दिवशी येतो असं इथं कुणी मानतही नाही. तो येण्याआधी महिनाभर मोकळा ठेवायचा, एवढाच हिशेब.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कोकणातल्या नगर परिषदांनी आणि नगर पंचायतींनी आपल्या कामाचं वर्ष पावसाच्या परतीपासून धरावं. पुढच्या पावसाआधी काय करायचं याचा निर्णय फेब्रुवारीपर्यंत लांबवू नये; तो कार्तिकात, भिंतींवर ओल दिसत असतानाच, लोकांसमोर घ्यावा. हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च आहे, ते तसंच राहू दे. कामाचं वर्षही एप्रिल ते मार्चच असलं पाहिजे, असं मात्र कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ती निव्वळ सवय आहे, आणि आपल्याकडच्या हवेत ती महाग पडते.

कशी, ते एका मोरीवरून पाहू. बाजारपेठेत एका वळणावर रस्त्याखालची पाणी जाण्याची मोरी अरुंद आहे. जुलैत तिथं गुडघाभर पाणी तुंबतं आणि दोन-तीन दुकानांत शिरतं. दुकानदार अर्ज देतात. ‘पावसाळ्यानंतर पाहू’ असं उत्तर मिळतं आणि ते चुकीचंही नसतं, कारण भर पावसात मोरी खणायची म्हणजे बाजाराचा रस्ताच बंद करायचा. मग गणपती येतात, नवरात्र येतं, दिवाळी येते. अर्थसंकल्पासाठी कामांची यादी जमू लागते तेव्हा गटार खडखडीत कोरडं असतं आणि अर्ज देणारा दुकानदार लग्नसराईच्या गिऱ्हाइकात गुंतलेला असतो. यादीत मोरी आलीच, तर ‘प्रभागात ठिकठिकाणी गटार दुरुस्ती करणे’ या बिनचेहऱ्याच्या ओळीत येते. फेब्रुवारीच्या अखेरीस सभा भरते. ‘कोणतीही करवाढ नसलेला शिलकी अर्थसंकल्प’ मंजूर होतो. (शिलकी म्हणजे किती, ते बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं. दुचाकी घेता येईल इतकी शिल्लक दाखवून शहराचा ताळेबंद जुळवलेला मी वाचला आहे.) एप्रिलपासून खर्चाला तोंड फुटतं. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. पहिल्या निविदेला पुरेसा प्रतिसाद नाही म्हणून दुसरी. कार्यारंभ आदेश ठेकेदाराच्या हातात पडतो तेव्हा मृग दारात उभा असतो. ठेकेदार म्हणतो, आता पावसाळ्यानंतर. त्याचंही बरोबर असतं.

पाऊस उघडला म्हणून लगेच फावडं पडतं असंही नाही. रस्त्या-गटाराच्या कामावरचे मजूर बरेचसे विजापूरकडचे. शेतीसाठी ते पावसाआधी गावाला जातात आणि दिवाळी करून परततात. मग सगळ्या तालुक्यातली सगळी कामं एकदम सुरू होतात. खडी एकाच क्रशरवरून येणार, रोलर एकच. आणि मार्चअखेर बिल निघालं पाहिजे म्हणून शेवटच्या पंधरवड्यात रात्री दिवे लावून डांबर पडतं. एका जुलैत केलेली तक्रार मोरीपर्यंत पोचायला पुढच्या वर्षीचा डिसेंबर उजाडतो. मधला एक अख्खा पावसाळा दुकानदारानं माल फळीवर चढवून काढायचा. या साखळीत कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. एकाही माणसानं काही वाईट न करता हे होतं, म्हणूनच ते बदलत नाही.

आता हेच काम उलट्या बाजूनं लावून पाहा. ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस परततो. कार्तिकात यादी ठरली, डिसेंबरपर्यंत मोजमाप आणि अंदाजपत्रक झालं, जानेवारीत तांत्रिक मान्यता मिळाली, तर फेब्रुवारीची सभा फक्त शिक्का मारायला उरते. निविदा मार्चमध्ये, आदेश एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मजूर गावात आहेत, जमीन कोरडी आहे, हातात दीड महिना आहे. मोरीला दीड महिना पुष्कळ झाला. नालेसफाईला तर दरवर्षी नव्यानं दर मागवण्याचीही गरज नाही. नाला तोच, लांबी तीच, गाळही जवळपास तेवढाच. दोन-तीन वर्षांचा करार आधीच करून ठेवता येतो आणि गाळ काठावर न टाकता उचलून न्यायचा, ही अट त्यात घालता येते.

कार्तिकाचा आग्रह मी मुहूर्त म्हणून धरत नाही. पावसाची माहिती नासणारी असते. कुठल्या पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी कुठल्या कुंपणाशी अडलं, कुठल्या साकवाचा (छोट्या पुलाचा) कठडा हलला, कुठल्या पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) शेवाळ धरून माणसं घसरली, हे जुलैत वाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ऑक्टोबरमध्ये पन्नास जणांना आठवतं. फेब्रुवारीत कुणालाच नाही, कारण तोवर मोहोर, लग्नं आणि जत्रा यांनी डोकं भरलेलं असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी शहरातून वाहून जातं तेव्हा ते आपला नकाशा स्वतःच काढून दाखवत असतं. तो नकाशा उतरवून घ्यायला एक माणूस, एक रंगाचा डबा आणि पावसाळ्यात चार वेळा फिरण्याची तयारी लागते.

चिपळूणकरांना हे वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी शहरात शिरल्या आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांच्या मनात पाण्याची एक पातळी होती. ती या वेळी मोडली. कोयनेची वीज तयार झाल्यावरचं पाणी कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येतं, नदीत गाळ साठलेला, समुद्राला भरती. यातलं काहीही नगर परिषदेच्या हातात नाही, आणि तिला त्यासाठी दोष देणं अन्यायाचं होईल. गाळ काढा म्हणून चिपळूणच्या नागरिकांना उपोषणाला बसावं लागलं ते राज्य सरकारपुढे, आणि ते बसले पूर ओसरल्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात. त्या पावसाच्या आठवणी ताज्या होत्या, म्हणूनच गर्दी जमली आणि मागणीला धार आली. हेच आंदोलन पुढच्या एप्रिलात सुरू झालं असतं तर ‘आता पावसाळा तोंडावर आहे’ या एका वाक्यात त्याची बोळवण झाली असती.

राजापुरात ‘जवाहर चौकात पाणी आलं’ हे वाक्य म्हणजे तिथलं पर्जन्यमापक आहे. अर्जुना आणि कोदवली फुगल्या की पाणी चौकाकडे सरकतं, आणि व्यापारी कोणता माल कुठल्या क्रमानं हलवायचा हे न बोलता जाणतात. हे शहाणपण दुकानादुकानांत आहे. ते दफ्तरात कुठं असतं? दफ्तर तर दर काही वर्षांनी परक्या हातात जातं. २००५ च्या कायद्यानुसार सरकारी बदल्या साधारणपणे एप्रिल-मेमध्ये होतात. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेले मुख्याधिकारी जूनच्या पहिल्या आठवड्यात खुर्चीवर बसतात, शहराचे रस्ते ओळखीचे व्हायच्या आत दरडीचा फोन येतो. माणूस कितीही कार्यक्षम असो, कुठली मोरी तुंबते हे त्याला कुणी सांगायचं? आदल्या कार्तिकात लिहून ठेवलेली यादी सांगेल.

ऋतूची तारीख पाळून सरकारी काम होऊच शकत नाही, असंही नाही. वनराई बंधारे पाहा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची आणि त्या वहाळात (ओढ्यात) आडव्या रचायच्या. जूनमध्ये बांधला तर वाहून जाईल, फेब्रुवारीत बांधला तर अडवायला पाणीच नसेल. म्हणून पंचायत समितीपासून शाळेच्या मुलांपर्यंत सगळे पाऊस ओसरल्यावरच, वाहतं पाणी समोर असताना कामाला लागतात. काम साधं आहे, दरवर्षी मोडतं आणि दरवर्षी पुन्हा होतं. विहिरींना त्यामुळे आणखी थोडे दिवस पाणी राहतं. इथं निसर्गानंच तारीख घालून दिली आहे, त्यामुळे कागदाला तिच्यामागे धावावं लागतं. शहरांच्या हद्दीतही वहाळ आहेत. नगर परिषद झाली की बंधाऱ्याचं श्रमदान ‘ग्रामीण’ ठरून का बंद पडावं, हे मला कळलेलं नाही.

आणि छोट्या नगर परिषदेच्या आवाक्यात काही नसतं, ही रड वेंगुर्ल्यानं खोटी पाडली आहे. कचरा घरातच वेगळा करून घ्यायचा, त्याची विल्हेवाट लावायची आणि जिथं कचऱ्याचे ढीग असायचे ती जागा पाहुण्यांना दाखवण्याजोगी करायची, हे तिथं झालं. लांबून लोक पाहायला आले. त्यासाठी वेगळा कायदा आला नव्हता. रोज सकाळी तेच काम त्याच वेळी करण्याचा हट्ट होता.

गणपतीबद्दल बोलल्याशिवाय कोकणातल्या नगरपालिकेबद्दल बोलता येत नाही. आपल्या शहरांत खरी ताकद असलेली मुदत एकच : ‘चतुर्थीच्या आधी’. मुंबईहून चाकरमानी येणार, त्यांच्यासमोर शोभा नको, म्हणून खड्डे बुजतात, दिवे लागतात, विसर्जनाच्या वाटेवरचं रान तोडलं जातं. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. दोन्ही तारखा पावसातल्याच. भर पावसात बुजवलेला खड्डा गौरी-गणपती निघेपर्यंत टिकला तरी पुष्कळ. जांभ्याचे तुकडे आणि खडी टाकून, वरून रोलर फिरवून आपण दरवर्षी पाहुण्यांना आठवडाभराचा रस्ता देतो आणि त्याचं बिल वर्षभर इथं राहणारे भरतात. सणाची मुदत इतकी जबरदस्त असेल तर तिचा उपयोग कोरड्या दिवसांत का करू नये? शिमगा कोरडा असतो. देवाची पालखी घरोघर फिरते, तिचा मार्ग ठरलेला असतो, त्या मार्गावरची प्रत्येक पाखाडी आणि प्रत्येक पायरी मानकऱ्यांना पाठ असते. ‘पालखीच्या आधी’ अशी मुदत घातली तर ते काम फाल्गुनात होईल आणि पावसाळा काढेल.

पालखीवरून आणखी एक आठवलं, थोडं विषय सोडून. घरपट्टीच्या वसुलीची मोहीमही मार्चमध्येच असते. वसुलीचा माणूस दारोदार जातो तेव्हा निम्म्या वाडीला कुलूप, मालक बोरिवलीला नाहीतर डोंबिवलीला. पालखीच्या दिवशी तीच घरं उघडी असतात, अंगणं सारवलेली, माणसं नटून उभी. देवाच्या मागोमाग पावती पुस्तक फिरवा असं मी सुचवत नाही, मार खावा लागेल. पण वसुलीची तारीख ठरवताना कार्यालयानं एकदा गावच्या शिमग्याची तारीख विचारायला हरकत नाही.

आता लोकांसमोर का, हा प्रश्न. २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगर पंचायती झाल्या. मंडणगड, कुडाळ, वैभववाडी अशी आपल्या किनाऱ्याकडची नावं त्यात आहेत. निधी वाढला, फलक बदलला, मुख्याधिकारी आले. या गडबडीत ग्रामसभा गेली, आणि ती गेल्याचं फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी उठून उभं राहून सरपंचाला विचारण्याचा हक्क होता. ग्रामसभेत भांडणं व्हायची, कोरमअभावी ती तहकूब व्हायची, कधी कधी चार टाळकीच बोलायची. ते सगळं मान्य. पण तिथं विहिरीचा गाळ आणि साकवाचा कठडा हे विषय निघायचे. घटनेतल्या प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना आहे. पंधरा-वीस हजारांच्या शहराला ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती. लोकशाहीच्या दृष्टीनं अशा शहराची अवस्था ना घर का ना घाट का अशी आहे.

त्यात आपल्याकडच्या बहुतेक नगर परिषदांत चार वर्षं नगरसेवकही नव्हते. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्यांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठं २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, आणि मतमोजणी २१ तारखेला. प्रशासकाच्या काळात कामं अडली असं सरसकट म्हणता येणार नाही. काही ठिकाणी ती उलट लवकर झाली. पण यादी कुणी ठरवली, हे विचारायला जागा नव्हती. नवे नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेले आहेत. खुर्चीवर बसतात न बसतात तोच त्यांच्यापुढे आली ती फेब्रुवारीची अर्थसंकल्पी सभा, म्हणजे पावसाच्या आठवणी पुसल्या गेल्यानंतरची. या पहिल्या खेपेची चूक त्यांच्या माथी मारू नये. पुढच्या खेपेला मात्र सबब नाही.

यावर अधिकारी मंडळी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. शहराचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि बाजार कर. त्यातून पगार आणि पथदिव्यांचं बिल निघतं, मोठी कामं नाहीत. मोठी कामं राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन, वित्त आयोग यांच्या पैशांवर होतात आणि तो पैसा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत येतो. पैसा नसताना कार्तिकात यादी करून काय उपयोग? माझ्या मते पैसा उशिरा येतो म्हणूनच यादी आधी हवी. फेब्रुवारीत अचानक निधी आला की तो कशावर तरी खर्च करायचा असतो, आणि त्या वेळी ज्या कामाचं अंदाजपत्रक तयार असतं तेच काम होतं. बहुधा ते पेव्हर ब्लॉकचं किंवा स्वागत कमानीचं असतं, कारण त्याला मोजमाप सोपं आणि फोटो चांगला. मोरीचं अंदाजपत्रक तयार असेल तर पैसा मोरीकडे जाईल. एका अभियंत्याकडे दोन शहरांचा कारभार असतो, हा आक्षेप याहून जड आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच दिसतं की सगळं काम मार्चमध्ये त्याच्या अंगावर टाकण्यापेक्षा ते पाच महिन्यांवर पसरलं तर त्या एका माणसालाही श्वास घेता येईल.

आणखी एक आक्षेप आहे, तो उघड बोलला जात नाही. अशी यादी आधी ठरली आणि भिंतीवर लागली तर ऐन वेळी यादीत घुसवण्याची सोय जाते. ती जावी, म्हणून तर यादी लोकांसमोर करायची.

कार्तिकातली ही सभा कशी असावी याबद्दल माझ्या मनात फार मोठं काही नाही. नाट्यगृह नको, शाळेचं मैदान पुरे. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जिथं साचलं, दरड जिथं आली, वीज जिथं तुटली त्या खुणा. प्रत्येक प्रभागानं पावसाआधीची तीन कामं सांगायची, जास्त नाही. तीनच म्हटल्यावर वाडीवाडीत आधी भांडण होईल आणि ते तिथंच झालेलं बरं. गेल्या वर्षीच्या तिनांपैकी काय झालं ते मुख्याधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच वाचून दाखवायचं. इतिवृत्त दुसऱ्या दिवशी फलकावर. कायदेशीर अधिकार या सभेला नसतील. तिची यादी सर्वसाधारण सभेनं स्वीकारली तर पुरे, आणि नाही स्वीकारली तर का नाही, ते त्याच फलकावर लिहायचं. यासाठी मंत्रालयातून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही, नगराध्यक्षांनी बोलावलं की झालं. तुळशीचं लग्न लागल्यावरचा एखादा रविवार धरावा. आसपास कुठं जत्रा आणि दशावतार नाही ना, एवढं आधी पाहून घ्यावं, नाहीतर मैदानात खुर्च्या तेवढ्या हजर राहतील.